अवधान आणि आपला संसार

उन्हाळ्यातल्या संध्याकाळी घरचा गारवा सोडून आपण एवढ्या संख्येने व्याख्यान ऐकायला येता, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. श्रोता वक्त्याला नेमके काय देतो? वेळ देतो, असे आपण चटकन म्हणू. पण वेळ तर खुर्चीत डुलकी घेणारा गृहस्थही देतो. खरा श्रोता देतो ते अवधान. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर महाराज श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, आणि ती अवधान हीच. एवढ्या मोठ्या कवीला मागावीशी वाटली ती वस्तू साधी नसली पाहिजे.

'सावधान' हा शब्दही याच कुळातला. अवधानासह असतो तो सावधान. आपल्याकडे हा शब्द दोन ठिकाणी मोठ्याने उच्चारला जातो: कवायतीच्या मैदानावर आणि लग्नाच्या मांडवात. मांडवातला तो शब्द कानी पडताच लहानगा नारायण बोहल्यावरून निघून गेला आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. त्याने तो शब्द ऐकला, म्हणून तो गेला. बाकीचे आपण मांडवात थांबलो. ते शब्द ऐकून थांबलो, की बँडच्या गजरात तो ऐकूच आला नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे!

विनोद सोडून देऊ. आज मला आपल्यापुढे एकच विचार मांडायचा आहे. हल्ली 'माइंडफुलनेस' या नावाने जिचा पुष्कळ बोलबाला आहे, ती सावधानता एकट्याने उपभोगण्याची मनःशांती नव्हे. ती दुसऱ्याला देण्याची वस्तू आहे. तिची कसोटी आसनावर डोळे मिटून बसलो असता लागत नाही. घरातल्या माणसाशी बोलताना, हातात बातमी पडल्यावर आणि आपलीच जुनी खोड मोडायला निघाल्यावर लागते.

प्रथम या कल्पनेचे घराणे पाहू. पाली भाषेत तिला 'सति' म्हणतात. संस्कृतातला 'स्मृति' तोच हा शब्द. १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स या इंग्रज पंडितांनी बौद्ध सुत्तांचे भाषांतर करताना 'सति'साठी 'माइंडफुलनेस' हा शब्द योजला आणि तो पुढे रूढ झाला. आपल्याला मात्र त्यासाठी इंग्रजीच्या दारी जाण्याची गरज नव्हती. गोव्याच्या एका खेड्यातून बुद्धाच्या शोधात बाहेर पडलेले धर्मानंद कोसंबी सिंहलद्वीपात पाली शिकले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले आणि त्यांनी हा सारा विचार सरळ मराठीत आणून ठेवला. १९७६ साली इगतपुरीला सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यनेचे केंद्र उभे राहिले. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी दीर्घ दुखण्यांनी गांजलेल्या रोग्यांसाठी त्याच अभ्यासाचा पाठ सुरू केला. तेथून ही कल्पना शाळांत, कचेऱ्यांत आणि अखेर बाजारात आली. बाजारात आलेल्या वस्तूचे जे होते, ते तिचेही झाले. 'दहा मिनिटांत शांती' अशा पाट्या लागल्या.

पण मूळ शब्दाचा अर्थ शांती असा नाहीच. स्मृती म्हणजे आठवण, भान. आपण आत्ता काय करीत आहोत याची आठवण राहणे, एवढाच त्याचा अर्थ. मन कोरे करणे नव्हे, विचार थांबवणे नव्हे. राग आला असता 'मला राग आला आहे' हे कळणे, हीच सति. राग न येणे ही पुढची गोष्ट आहे, आणि ती आपल्यासारख्या संसारी माणसांनी इतक्यात मनावर घेऊ नये!

हे भान आपल्याला किती वेळ असते? २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे २२५० प्रौढ माणसांना दिवसातून अवचित वेळी मोबाईलवरून विचारले जाई: आता काय करता आहात, मन त्यातच आहे का, आणि बरे वाटते आहे का? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते असे उत्तर आले. आणि मन भलतीकडे असताना माणसे एकंदरीत कमी सुखी होती. म्हणजे निम्मे आयुष्य आपण घरी असून घरात नसतो. दार उघडे आहे, दिवा लागला आहे, आणि यजमान मात्र गावाला गेलेले!

आता या भानाचा उपयोग कोठे होतो ते पाहू. बौद्ध विचारात एक साखळी सांगितली आहे: स्पर्श, वेदना, तृष्णा. येथे वेदना म्हणजे दुखणे असे समजू नका. कानावर शब्द पडला, हा स्पर्श. तो गोड, कडू किंवा नुसताच वाटला, ही वेदना. मग 'आणखी हवे' किंवा 'हे नको' म्हणून मन धावले, ही तृष्णा. पहिल्या दोन कड्या आपल्या हातात नाहीत. कोणी टोचून बोलले तर ते टोचणारच. पण टोचणे आणि उलट बोलणे यांच्यामध्ये एक फट असते. ती एका श्वासाएवढी असते. सावधानतेचा सारा अभ्यास ती फट दिसावी म्हणून आहे. ज्याला ती दिसली, त्याला निवड करता येते. ज्याला ती दिसत नाही, त्याच्या बाबतीत टोचणारा माणूस बटण दाबतो आणि हा दिव्यासारखा पेटतो.

हा अभ्यास एकट्याचा नाही असे मी म्हणालो. त्याला आधार एका जुन्या कथेचा आहे. संयुत्तनिकायात बुद्धाने डोंबाऱ्याची गोष्ट सांगितली आहे. एक डोंबारी बांबू उभा करतो आणि आपल्या शिष्याला सांगतो, वर चढ आणि माझ्या खांद्यावर उभा राहा. मग म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. असे एकमेकांना सांभाळून खेळ करू आणि सुखरूप उतरू. शिष्य म्हणतो, गुरुजी, तसे जमायचे नाही. तुम्ही आपला तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो. मगच आपण दोघेही सुखरूप उतरू. बुद्ध शिष्याचे म्हणणे उचलून धरतो, पण तेथेच थांबत नाही. तो म्हणतो, स्वतःला सांभाळणारा दुसऱ्यालाही सांभाळतो, आणि क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःला सांभाळतो.

डोंबाऱ्याचा खेळ आपण रस्त्यावर पाहिलेला आहे. संसार म्हणजे तोच खेळ. नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक, सारे एकाच बांबूवर. गोम अशी की आपले सारे लक्ष दुसऱ्याच्या तोलाकडे असते. 'तू नीट उभा राहा' असे आपण खांद्यावरच्याला ओरडून सांगतो आणि त्या ओरडण्याने आपलाच खांदा हलतो.

घरातली सावधानता अगदी लहान गोष्टींत दिसते. सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या रोजच्या बोलण्याचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे की संसार मोठ्या भांडणांवर जितका ठरत नाही, तितका साध्या हाकांवर ठरतो. बायको खिडकीशी उभी राहून म्हणते, 'अहो, पाहा, कसे आभाळ आले आहे!' यात माहिती काही नाही. ही हाक आहे. नवरा वर पाहतो, किंवा 'हं' म्हणून मोबाईलमध्ये बुडतो. नवविवाहित जोडप्यांची सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली तेव्हा गॉटमन यांच्या हिशेबाप्रमाणे असे आढळले की ज्यांचे लग्न टिकले होते त्यांनी अशा हाकांना शंभरातून ८६ वेळा ओ दिली होती, आणि ज्यांचे मोडले होते त्यांनी ३३ वेळा. आकडे घडीभर बाजूला ठेवले तरी अनुभव आपला सर्वांचाच आहे. ज्या घरात हाकेला ओ मिळत नाही त्या घरात काही दिवसांनी हाक मारणे बंद होते. आणि मग आपण म्हणतो, हल्ली आमच्या घरात भांडणे अगदी होत नाहीत!

म्हाताऱ्या माणसांचे उदाहरण घ्या. अण्णा तीच गोष्ट दहाव्यांदा सांगतात: गिरणीतला संप, तो साहेब, ती पावसातली रात्र. आपल्याला शेवट ठाऊक असतो म्हणून आपण ऐकत नाही. पण गोष्ट जुनी असली तरी सांगणारा आजचा आहे. आज त्याचा आवाज कोठे अडकला, आज त्याने कोणाचे नाव गाळले, हे नवे असते. सतिपट्ठानसुत्तात आतील आणि बाहेरील असे दोन्ही प्रकारचे निरीक्षण सांगितले आहे. 'बाहेरील' म्हणजे दुसऱ्याचे, असा त्याचा अर्थ टीकाकार लावतात. आपल्या मनात चाललेली चुळबुळ दिसली पाहिजे आणि समोरच्याच्या मनातली ओढही. आपण बहुधा उत्तर देण्यासाठी ऐकतो. समोरच्याचे वाक्य संपायच्या आत आपले वाक्य शिजून तयार असते. एक श्वास थांबून मग बोलावे. एवढ्याने निम्मी भांडणे जन्मालाच येणार नाहीत.

घरातून आता आपण अंगणात येऊ. पूर्वी वार्ता अंगणात येई. सकाळी वर्तमानपत्र पडे, संध्याकाळी रेडिओ बोले. वर्तमानपत्राचा एक मोठा गुण होता, जो तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नाही: त्याला शेवटचे पान होते. ते वाचले की घडी घालून माणूस आंघोळीला जाई. २००६ साली अझा रॅस्किन नावाच्या एका तंत्रज्ञाने अशी युक्ती काढली की पडद्यावरचे पान कधी संपूच नये. बोट सरकवीत जावे आणि खालून नवे येत राहावे. शेवटचे पान गेले आणि त्याबरोबर उठण्याची आठवणही गेली. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच बजावून ठेवले होते की माहिती उदंड झाली की ती ज्याच्यावर जगते त्या अवधानाचा दुष्काळ पडतो. पाऊस फार झाला तरी पीक जाते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

केवळ वेळ जातो एवढेच असते तर मी हा विषय आपल्यापुढे आणला नसता. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन शहरातल्या मॅरेथॉन शर्यतीत बाँबस्फोट झाले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ४६७५ लोकांची पाहणी केली. त्या आठवड्यात या स्फोटांच्या बातम्या आणि चित्रे ज्यांनी रोज सहा तास किंवा अधिक पाहिली, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष स्फोटाची झळ लागलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. मुळातच घाबरट माणसे अधिक पाहत असतील, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही असेल. तरी पुन्हा पुन्हा तेच चित्र पाहणाऱ्याच्या मनात स्फोट पुन्हा पुन्हा होत असतो, हे आपल्याला नाकारता येणार नाही.

याहून कठीण उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, असे निरोप व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरत होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षेवर फिरणारे पाच जण तेथे आले. त्यांनाच मुले पळवणारे ठरवून जमावाने मारहाण केली आणि पाचही जण मेले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास आडकाठी घातली.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपण त्या जमावात नव्हतो, हे खरे. पण ते निरोप पुढे धाडणारी माणसे कोण होती? ती क्रूर नव्हती. त्यांत आया होत्या, मास्तर होते, दुकानदार होते. मुलांच्या काळजीनेच त्यांनी ते धाडले. स्पर्श झाला, भीतीची वेदना उठली, आणि बोट पुढे गेले. मधली फट कोणाला दिसली नाही. एका श्वासाची किंमत काय, असे कोणी विचारले तर मी त्याला राईनपाड्याचे नाव सांगेन. खरे काय आणि खोटे काय, हे प्रत्येक वेळी तपासणे आपल्याला जमेलच असे नाही. पण 'हे वाचून मला भीती वाटली, राग आला, आणि म्हणूनच मला हे पुढे धाडावेसे वाटते आहे', एवढे ओळखणे प्रत्येकाला जमेल. ज्या निरोपाने हात थरथरतो तो तासभर हातातच ठेवावा.

मग काय जगाकडे पाठ फिरवायची? मुळीच नाही. शेजारी आग लागली असता श्वास पाहत बसणे याला सावधानता म्हणत नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धम्म हा मुळातच सामाजिक आहे असे आग्रहाने मांडले, ते यासाठीच. मजुराची मजुरी बुडवून त्याला 'मन शांत ठेव' म्हणणे, किंवा मार खाणाऱ्या बाईला 'आपल्या रागाचे निरीक्षण कर' असे सांगणे, हा या विद्येचा दुरुपयोग आहे. अशा ठिकाणी सावध माणूस प्रथम अन्याय पाहतो आणि मग बोलतो. तसेच ज्याच्या मनाला खरोखर आजार जडला आहे त्याला डॉक्टरकडेच नेले पाहिजे.

आता शेवटचा भाग: स्वतः बदलणे. आपण साऱ्यांनी पाडव्याला संकल्प केलेले आहेत आणि ते कोठवर टिकतात हेही आपल्याला ठाऊक आहे. संकल्प मोडला की आपण स्वतःला शिव्या देतो आणि त्या दुःखात पुन्हा तीच खोड जवळ करतो. येथेही तीच फट उपयोगी पडते. विडीची तलफ आली. ती दाबू नका, तिच्याशी भांडू नका. ती शरीरात कोठे जाणवते ते पाहा. घशात कोरड, बोटांत चुळबुळ. तलफ लाटेसारखी चढते आणि लाटेसारखीच ओसरते. एकदा तरी ती ओसरताना पाहिली की ती मालकीण नसून पाहुणी आहे हे कळते.

नवी सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस, असे जो तो सांगतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रयोग करून २००९ साली आपले निष्कर्ष मांडले. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले. पण कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याहून मोलाची गोष्ट ही की मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने फारसे काही बिघडत नव्हते. चुकलेल्या दिवसापेक्षा चुकल्याचा वैताग अधिक घात करतो.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली असे लिहिले की भटकणारे मन पुन्हा पुन्हा आपल्या इच्छेने परत आणण्याची शक्ती हे चारित्र्याचे मूळ आहे, आणि जे शिक्षण ती शक्ती वाढवील ते सर्वश्रेष्ठ शिक्षण होय. मात्र ते प्रत्यक्षात कसे द्यावे हे सांगणे अवघड आहे, असेही त्याने प्रांजळपणे म्हटले. ज्या कृतीचा तो शोध घेत होता ती आपल्या देशात फार पूर्वीच सांगून ठेवलेली होती: श्वासावर मन ठेवा, ते पळेल; पळाले हे कळले की परत आणा. दहा वेळा पळाले तर दहा वेळा आणा. नवशिक्याला वाटते, मन पळाले म्हणजे अभ्यास फसला. वस्तुतः परत आणणे हाच अभ्यास. तालमीत गेलेल्या पोराला जोर मारताना खाली जावे लागते म्हणून तो हरला असे आपण म्हणत नाही.

आपण म्हणाल, एवढे ऐकले, आता घरी जाऊन काय करायचे? मी तीनच गोष्टी सुचवतो. जेवणाच्या पानापाशी मोबाईल येऊ देऊ नका, आणि घरातल्या कोणी हाक मारली तर मान वर करून ओ द्या. बातम्यांना दिवसातून दोन वेळा ठरवून द्या; शेवटचे पान त्यांनी काढून घेतले असले तरी ते आपण आपल्या हाताने लावू शकतो. आणि रोज दहा मिनिटे गप्प बसून मन पळताना पाहा, म्हणजे दिवसभरात ते पळाले की ओळखता येईल. यांत दमडीचा खर्च नाही, गुरू शोधावा लागत नाही आणि कोणाचा धर्म आड येत नाही.

या गोष्टी क्षुल्लक वाटतील. पण बांबूवर उभ्या असलेल्या माणसाचा तोल क्षुल्लक हालचालींनीच राहतो आणि क्षुल्लक हालचालींनीच जातो. आपल्या प्रत्येकाच्या खांद्यावर कोणी ना कोणी उभे आहे, आणि आपणही कोणाच्या तरी खांद्यावर आहोत. तेवढी आठवण राहिली तरी पुरे; स्मृती म्हणतात ती हीच.

आपण इतका वेळ मला अवधान दिलेत. आता ते घरी न्या. तेथे त्याची वाट पाहणारी माणसे आहेत.